निकष तीनमधली कोरी ओळ

पत्राचा सारांश : वाचक नागपूरच्या, वय ५४, विद्यापीठाच्या एका विज्ञान विभागात प्राध्यापक. विषय जीवाश्म वनस्पती. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.) अडीच वर्षांपासून विभागप्रमुखपद आणि दीड वर्षापासून आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, कामही त्यांच्याकडे आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी सगळ्या विभागांना फोन करकरून त्यांनी निकष तीनची, म्हणजे संशोधनाची, एक्सेल शीट भरत आणली. तेव्हा दिसलं की शेवटच्या दोन वर्षांत स्वतःच्या नावापुढची ओळ कोरी आहे. पाच विद्यार्थी त्यांच्याकडे पीएचडी करताहेत. दोघांचे मसुदे टेबलावर वाचायचे पडलेत, एकाचा चार महिन्यांपासून. एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, आमच्या पेपरात तुमचं नाव टाकून देतो ना जी. तुमच्यामुळेच तर मशीन आली." त्यातच अधिष्ठातापदाची (डीनपदाची) जाहिरात निघणार आहे, तुम्ही अर्ज करा, असं वरून सुचवण्यात आलंय. घरचे म्हणतात, साडेसहा कोटी वर्षं थांबलेले दगड आणखी पाच वर्षं थांबतील. त्या विचारतात, "बिरबल साहनी डीन असताना मोहगाव कलांच्या जीवाश्मांवर काम करू शकले, मग मलाच का जमत नाही? माझं वेळेचं नियोजन कुठे चुकतंय?" (साहनी म्हणजे जीवाश्म वनस्पतींचे नामवंत भारतीय संशोधक, मोहगाव कलां हे मध्य प्रदेशातलं जीवाश्मांचं ठिकाण.) ताजा कलम असा : परवा प्रयोगशाळेतला जुना ॲप्रन घातला तर खिशात स्वतःच्याच अक्षरातली चिठ्ठी निघाली, '१७, वरची बाजू, पुन्हा'. सतरा म्हणजे कोणता दगड, ते त्यांना आठवेना.

मॅडम,

तुमच्या ताज्या कलमापासूनच सुरुवात करतो, कारण ती चिठ्ठी वाचून मी हसलो आणि मग जरा गप्पच झालो. मी इतिहासाचा माणूस. भोसल्यांच्या काळातल्या नागपूरच्या पेठांवर काहीतरी लिहावं म्हणून बरीच वर्षं कार्डांवर टिपणं काढत होतो. मग कॉलेजात प्रभारी प्राचार्यपद गळ्यात पडलं. 'सहा महिन्यांचा प्रश्न आहे सर' म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. कार्डं बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवली होती. तीन वर्षांनी खोकं खाली काढलं, धूळ झटकली, वरचंच कार्ड उचललं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं, 'जकात : ते नाही, दुसरं.' दुसरं काय? आजतागायत कळलेलं नाही. जिथे थांबलो होतो तिथवर परत पोचायलाच मला आठ महिने लागले, आणि निम्मी कार्डं तशीच मुकी राहिली.

म्हणून घरच्यांचं ते दगडांचं वाक्य मला अर्धंच पटतं. दगड थांबतील. तुमच्या डोक्यात त्या दगडाबद्दल जे अर्धवट जमून आलं होतं, ते थांबत नाही. ते नुसतं विसरलं जात नाही, विसरलं गेलंय हेही कळत नाही. खिशातून चिठ्ठी निघेपर्यंत.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पत्रात 'वेळ' हा शब्द अकरा वेळा आलाय (मोजले, निवृत्त माणसाला उद्योग काय). तुम्ही धरूनच चालला आहात की दुखणं वेळेचं आहे. पहाटे पाचला उठून बघितलं, रविवारी विभागात येऊन बघितलं, फोनमध्ये कॅलेंडर घालून बघितलं, हे सगळं तुम्ही लिहिलंय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकाने आठवड्याला ४० तास काम करावं, त्यातले १४ तास प्रत्यक्ष शिकवावं असं आहे. तुम्ही ६० तास घालताय. इतके तास देणाऱ्या बाईला वेळेचं नियोजन शिकवायला मी कोण?

मला वाटतं तुमचं काम कोणत्या जातीचं आहे, ते तुम्ही नीट पाहिलेलं नाही. हे मला माझ्या एका जुन्या वनस्पतिशास्त्रवाल्या मित्राने समजावलं. चर्टचा, म्हणजे सिलिकेचा कठीण, दगड हिऱ्याच्या पात्याच्या करवतीवर कापायचा. कापलेला पृष्ठभाग कार्बोरंडमच्या भुकटीने घासायचा, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक, मध्ये दरवेळी धुवायचं, नाहीतर जाड भुकटीचा एक कण सगळ्या पॉलिशवर ओरखडा पाडतो. मग फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून, हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये (एचएफमध्ये) तो पृष्ठभाग थोडा खाऊ द्यायचा, म्हणजे सिलिका झिजते आणि वनस्पतीच्या पेशींच्या भिंती किंचित वर राहतात. धुवून, वाळवून, त्यावर ॲसिटोन ओतून सेल्युलोज ॲसिटेटची पारदर्शक फिल्म अलगद बसवायची. वाळली की सोलायची. त्या पापुद्र्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीन् पेशी दिसते. मित्र म्हणायचा, या सगळ्यात कठीण काय असेल तर मधेच कोणी हाक न मारणं.

यातला कोणता टप्पा, सांगा, तुम्ही पंचवीस मिनिटांत उरकून 'येते हं' म्हणून बैठकीला जाऊ शकता? शिपाई नस्ती घेऊन दारात उभा आणि तुमच्या हातात एचएफचं भांडं, हे तर नुसतं गैरसोयीचं नाही, धोक्याचं आहे. पहाटेचा एक तास कवीला पुरत असेल. तुम्हाला सलग दिवस लागतो. तुम्ही सलग दिवसाचं काम तुकड्यांत बसवायला बघताय आणि बसत नाही म्हणून स्वतःला बोल लावताय.

साहनींचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःला जरा जास्तच चाबूक मारून घेतलाय. खरं आहे, लखनौ विद्यापीठात ते १९२१ पासून वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते, १९३३ मध्ये विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले, आणि मोहगाव कलांच्या जीवाश्म वनस्पतींवरचा त्यांचा आणि रोडे यांचा निबंध १९३७चा. म्हणजे डीन असतानाच. पण त्या काळच्या डीनला दरवर्षी एक्यूएआर, म्हणजे गुणवत्तेचा वार्षिक अहवाल, भरावा लागत नव्हता. एनआयआरएफचं, म्हणजे संस्थांच्या क्रमवारीचं, पोर्टल रात्री बारा वाजता बंद पडत नव्हतं, आणि माहिती अधिकारात 'गेल्या दहा वर्षांतील चहापानाचा खर्च' कोणी मागत नव्हतं. आणखी एक गोष्ट, जी साहनींची गोष्ट सांगताना आपण हमखास गाळतो. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी त्यांच्याबरोबर असत, प्रवासात आणि कामातही. एप्रिल १९४९ मध्ये साहनींच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि आठवड्याभरात साहनी गेले, तेव्हा ती संस्था सावित्रीबाईंनीच उभी केली. तुमच्या मागे कोण उभं आहे? पत्रात एक ओळ आहे, 'संध्याकाळी सातला घरी आले की स्वयंपाक मीच करते, तो माझा विरंगुळा आहे.' असेल. माझा नव्हता, म्हणून मी जास्त बोलत नाही. पण साहनींशी तुलना करायचीच असेल तर त्यांच्या घराशीही करा.

मला ज्या ओळीने अस्वस्थ केलं ती वेगळीच आहे. 'दोघांचे मसुदे टेबलावर पडलेत, एकाचा चार महिन्यांपासून.' हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, विभागातली गळकी पाण्याची टाकी आणि बंद पडलेलं झेरॉक्स मशीन यांच्या मधे. मॅडम, खरी गोष्ट इथे आहे.

त्या कोऱ्या ओळीकडे परत बघा. पाच विद्यार्थी असलेल्या मार्गदर्शकाची ओळ दोन वर्षं कोरी राहते याचा अर्थ त्या पाच जणांच्याही ओळी कोऱ्या आहेत. तुमच्या कोऱ्या ओळीने तुमचं काय बिघडलं? तुम्ही प्राध्यापक आहात, वेतनश्रेणी पूर्ण आहे, माणसं तुम्हाला मान देतात. फार तर रात्री झोप लागत नसेल. यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमावलीने प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, हे खरं. पण पोरगा उद्या सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवायचं काम मागायला गेला तरी बायोडाटावर पेपर किती, हेच पहिलं विचारतात. गडचिरोलीहून किंवा तुमसरहून येऊन, वसतिगृहात राहून, फेलोशिपचे पैसे उशिरा येतात म्हणून शिकवण्या घेऊन काम करणारी ही मुलं असतात. मॅडमचा मसुदा वाचून झाला का, हे विचारायलाही घाबरतात. दारात येतात, तुम्ही फोनवर असता, तशीच परततात. 'मॅडम कामात राहते ना' म्हणतात, तक्रारीच्या सुरात नाही, कौतुकाने. ते कौतुक मला जास्त लागतं.

तेव्हा प्राधान्याचा प्रश्न असेल तर माझ्या मते तुमच्या संशोधनाचं पहिलं देणं या मुलांचं आहे, दुसरं त्या सतरा नंबरच्या दगडाचं. अधिष्ठातापद तिसरं. आणि पहिलं देणं फेडायला सलग दिवस लागत नाही. मसुदा वाचणं हे तुकड्यांत होण्यासारखं काम आहे. गंमत बघा, पहाटेचा तो एक तास तुम्ही दगडावर वाया घालवताय आणि जे काम त्या तासात होऊ शकतं ते चार महिने पडून आहे. पहाट मसुद्यांना द्या. रोज पाच पानं, लाल पेनने, कागदावर. दोन्ही मसुदे महिन्याभरात हातावेगळे होतील.

नाव टाकून देण्याचं. सहकाऱ्याचा हेतू वाईट नाही, हे आधीच म्हणतो. आपल्याकडे ही रीत इतकी मुरलीय की त्याला ती कृतज्ञताच वाटत असणार. मशीन आणण्यासाठी तुम्ही प्रस्ताव लिहिला, निविदेच्या फायलीमागे धावलात, इन्स्टॉलेशनच्या दिवशी वीज गेली तेव्हा जनरेटरची सोय केलीत. या सगळ्याची जागा शोधनिबंधात ठरलेली आहे, शेवटी, ऋणनिर्देशात. तिथे तुमचं नाव ठळक छापावं, मला आनंद आहे. लेखकांच्या ओळीत नाही. ज्या निबंधातल्या एका आकृतीबद्दल परिसंवादात कोणी उठून प्रश्न विचारला तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही, तो निबंध तुमचा नाही.

शिवाय हिशेबाने बघितलं तरी हा सौदा फुसका आहे. यूजीसीच्या गुणपद्धतीत दोनापेक्षा जास्त लेखक असले तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. ते गुण पदोन्नतीसाठी, आणि तुम्हाला आता कसली पदोन्नती घ्यायचीय? म्हणजे केवळ एक्सेलमधला रकाना पांढरा दिसू नये म्हणून नाव टाकायचं. त्यात शीट तपासणाऱ्याही तुम्हीच. उद्या दुसऱ्या विभागातल्या एखाद्याची भुक्कड जर्नलमधली नोंद तुम्ही लाल करणार, तेव्हा तो काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्य जर्नल्सच्या आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढली होती. पुढे आलेली केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता कोणतं जर्नल बरं, कोणतं बोगस, हे ठरवण्याची जबाबदारी बरीचशी संस्थेवरच आली आहे, म्हणजे तुमच्या विद्यापीठात ती तुमच्या टेबलावर येणार. त्या टेबलावर बसणाऱ्याची स्वतःची ओळ कोरी असलेली चालेल. उसनी असलेली चालणार नाही. सहकाऱ्याला नकार देताना मात्र भाषण देऊ नका. 'आभारात टाक रे, आणि पुढच्या दगडाचं सेक्शन आपण दोघं मिळून करू' एवढं म्हणा. आणि तसं कराही खरंच.

आता डीनपद. 'घ्यावं की नाही' असं तुम्ही विचारलं नाहीत. 'घेतलं तर जमवायचं कसं' असं विचारलंत. म्हणजे मनात घेतलंच आहे की काय? असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्रातला सगळ्यात जिवंत परिच्छेद मला मशीन आणल्याचा वाटला. तुम्हाला माणसं हलवता येतात, फाइल हलवता येते, आणि त्यात तुम्हाला मजा येते. हे कबूल करायला संशोधक लोक लाजतात, जणू प्रशासन आवडणं म्हणजे बाटणं. तुम्हाला ते आवडत असेल तर अर्ज करा, पण 'विभागाचं भलं व्हावं म्हणून नाइलाजाने' असं स्वतःला सांगू नका. नाइलाजाने घेतलेल्या खुर्चीवर बसलेली माणसं चिडचिडी होतात, आणि ती चिडचिड शिपायापासून विद्यार्थ्यापर्यंत झिरपत जाते. आणि 'मी नाही घेतलं तर नको त्या माणसाच्या हाती जाईल' हेही जरा तपासून घ्या. मी प्रभारी प्राचार्य होतो तेव्हा मलाही वाटायचं, मी सोडलं की कॉलेज बसणार. मी सोडलं. कॉलेज जोरात चाललंय, कँटीनही सुधारलं.

निर्णयाआधी एक साधं गणित कागदावर मांडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार अधिष्ठाता हे पूर्णवेळ पद आहे, आणि त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधलेली असते. म्हणून पहिला प्रश्न, सध्याच्या कुलगुरूंची किती वर्षं उरली आहेत? पूर्ण पाच असतील तर तुम्ही ५९व्या वर्षी बाहेर याल. दोन असतील तर ५६व्या. या दोन उत्तरांत तुमच्यापुरता जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण २०२२च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरले की नवा विद्यार्थी घेता येत नाही. साठाव्या वर्षी निवृत्ती धरली तर तुमचं ते दार ५७व्या वर्षी बंद होतं. आधीच नोंदणी झालेल्यांना निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून ७० वर्षांपर्यंत सांभाळता येतं, तेवढा आधार आहे. पण पूर्ण पाच वर्षं डीन राहिलात तर नवे विद्यार्थी एकतर त्या धावपळीतच घ्यायचे, नाहीतर आज आहेत तेच शेवटचे. हे कोणी तुम्हाला तोंडावर सांगणार नाही. बुके द्यायला मात्र सगळे येतील.

'निवृत्तीनंतर निवांत करेन' हा पर्याय तुम्ही एका ओळीत उल्लेखलाय. नागपूरकरांना यासाठी कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी आठवतात. मॉरिस कॉलेजात शिकवलं, प्राचार्यपद सांभाळलं, आणि वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा खंड आला १९६३ मध्ये, वयाच्या सत्तरीत. पण ताम्रपटाचा ठसा घरच्या मेजावर वाचता येतो. तुमची करवत आणि फ्यूम हूड विद्यापीठाची आहे. साठीच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाचनालयाचं कार्ड मिळेल, एचएफची बाटली नाही. म्हणून हाताचं काम आधी, लेखणीचं काम नंतर. निवृत्तीनंतर लिहिता येईल असे सेक्शन, पापुद्रे, फोटो आणि नोंदी आत्तापासून साठवत जा. हा माझ्या मते तुमच्या पुढच्या सहा वर्षांचा खरा आराखडा आहे, डीन व्हा की न व्हा.

अर्ज केलात आणि निवड झालीच, तर रुजू होण्याआधी बोलून घ्या. नंतर कोणी ऐकत नाही. आठवड्यातला एक दिवस, समजा बुधवार, तुम्ही विभागात असाल, डीनच्या दालनात नाही. हे तोंडी ठरवून भागत नाही. कार्यालयीन टिपणीवर हवं, आणि त्या दिवशी किरकोळ सह्या कोण करणार तेही त्यातच हवं. सह्या हा वेगळाच रोग आहे. एकेका सहीला दहा सेकंद लागतात, पण ती सही मागायला आलेला माणूस तुमच्या डोक्यातलं वाक्य तोडून जातो. दिवसात दोनच वेळा सह्या, साडेअकरा आणि साडेचार, असं पाटीवर लिहून लावा. पहिला आठवडा बोंब होईल. 'अर्जंट आहे ना जी मॅडम' असं म्हणणारा बाबू रोज उभा राहील. दुसऱ्या आठवड्यात तोच बाबू इतरांना सांगताना दिसेल, 'आता नाही मिळत सही, साडेचारला या.' आमच्याकडे असंच झालं होतं.

एक खास नागपुरी अडचण आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. तुमचा फील्डचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ऊन सोसवतं तेव्हाचा. आणि डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन. तारांकित प्रश्न आला की सगळं विद्यापीठ 'आजच्या आज माहिती द्या' या एका वाक्यावर नाचतं, आणि डीन तर पहिल्या रांगेत. म्हणून डिसेंबरवर विसंबू नका. दिवाळीनंतरचे चार दिवस आणि जानेवारीतला एक आठवडा, एवढंच मोहगाव कलांसाठी राखा. छिंदवाड्याकडची बाजू आहे, पहाटे निघून रात्री परतता येतं, तेव्हा मुक्कामाचं लचांडही नको. नवा दगड आणायचा मोह मात्र टाळा. तुमच्याच शब्दांत 'तीन लोखंडी रॅक भरून' दगड न कापता पडलेत. ते आधी.

आणि नाही म्हणायचं ठरवलंत तर कारणांची यादी देऊ नका. तब्येत, सासूबाई, मुलाचं लग्न असं काही पुढे केलं की समोरचा एकेक अडचण सोडवायला बसतो. 'माझ्याकडे पाच विद्यार्थी आहेत, ते पूर्ण करायचे आहेत' एवढं एकच वाक्य पुरे. त्याला उत्तर नाही. विभागप्रमुखपद तर फिरत्या क्रमाचं आहे, तुमची तीन वर्षं सहा महिन्यांत संपतील. आयक्यूएसी कोणाला सोपवता येईल ते मात्र आजपासून शोधा, आणि त्याला किंवा तिला आतापासून शेजारी बसवा. तुम्ही मनातल्या मनात 'कोणालाच जमणार नाही' म्हणत असाल. पहिल्या वर्षी तुम्हालाही जमलं नव्हतं.

चिठ्ठीकडे परत येतो. नागपूरची शाळा चालवता चालवता दगड गोळा करणारा पहिला माणूस बहुधा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये तो इथे आला. शाळा, मिशनची कामं, आणि उरलेल्या वेळात टाकळीचे जीवाश्म, भूस्तर, आदिवासींच्या भाषा. हिस्लोपाइट हे खनिज त्याच्याच नावाचं. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. काम अर्धंच राहिलं. पण १८६६ मध्ये मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्याची आदिवासींवरची टिपणं संपादून छापली. म्हणजे ती टिपणं दुसऱ्याला वाचता येण्यासारखी होती! माझी कार्डं टेंपलसाहेबांच्या हाती पडली असती तर त्यांनी सरळ चुलीत घातली असती.

म्हणून खुर्ची बदलण्याआधी दोन दिवस रजा घ्या आणि प्रत्येक अर्धवट कामासाठी एक पान लिहा. दगड कोणता, कुठून आणला, आतापर्यंत काय दिसलं, माझा अंदाज काय आहे, आणि परत आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं. शेवटचा मुद्दा विसरू नका. लिहिताना असं समजा की हे पान तुम्ही नाही, तुमची सगळ्यात नवी विद्यार्थिनी वाचणार आहे. एक प्रत तिच्याकडे द्याच. कोण जाणे, तुमच्या आधी तीच ते काम पुढे नेईल, आणि मग तुमचं नाव तिच्या निबंधात येईल ते हक्काने.

गोंदिया, वर्धा, यवतमाळकडच्या महाविद्यालयांतून याच प्रकारची पत्रं येतात. कोणी परीक्षा विभागाचं काम बघतं, कोणाकडे एनएसएस, कोणी प्रभारी प्राचार्य. तुमच्याकडे करवत नसेल, विद्यार्थीही नसतील. तरी आपलं काम सलग दिवसाचं आहे की तुकड्यांत होणारं, हे आधी वेगळं करून बघा. मुलाखतींचं लिप्यंतर, संदर्भ तपासणं, तक्ते भरणं हे तुकड्यांत होतं. आकडेवारीचं विश्लेषण किंवा पहिला मसुदा होत नाही. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुटीतला एक आठवडा मूल्यांकन केंद्रापासून वाचवून ठेवावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तसंही दुपारी बाहेर पडवत नाहीच.

आणि मॅडम, तो सतरा नंबरचा दगड. पत्रावरून तरी तो त्या तीन रॅकमध्येच कुठेतरी असावा. या रविवारी विभागात गेलात तर नॅकची फाइल उघडू नका, एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घ्या आणि दगड शोधा. सापडला की वरची बाजू पुन्हा घासा, चिठ्ठीत म्हटल्याप्रमाणे. सहा महिन्यांनी विभागप्रमुखपद सोडताना डेड स्टॉक रजिस्टरवर सही करून करवतीचा ताबा पुढच्याला द्यावा लागेल. तोवर तिचं पातं बदलायचं असेल तर मागणीपत्रावर सही तुमचीच चालते, ती आजच करून टाका.